अणू, रेणू आणि पदवी : बालाघाट सीमाभागातील विज्ञान-तंत्र विद्यार्थ्यांची भाषिक वाट

बालाघाट जिल्ह्यातले हट्टा हे गाव बाहेरच्यांना माहीत असते ते तिथल्या जुन्या दगडी बावडीमुळे. हिंगोली जिल्ह्यातले हट्टा वेगळे. हे आमचे हट्टा बालाघाट आणि गोंदिया यांच्या मधल्या पट्ट्यातले. बाघनदी ओलांडली की महाराष्ट्र लागतो. या पट्ट्यातल्या मुलाच्या कानावर दिवसभरात किती भाषा पडतात याची कधी मोजदाद करून पाहावी. घरात पोवारी, मरारी किंवा गोंडी, शाळेत हिंदी, सोयरिकीत आणि गोंदियाच्या बाजारात मराठी, आणि पुढे तांत्रिक शिक्षणाला गेला की इंग्रजी. भाषेच्या अभ्यासकाला ही श्रीमंती वाटते. पण हाच मुलगा जेव्हा आयटीआय किंवा तंत्रनिकेतन संपवून अभियांत्रिकीच्या पदवीकडे वळतो, तेव्हा या चार भाषांमधले सांधे कोणीच जुळवून दिलेले नाहीत हे त्याच्या लक्षात येते, आणि बहुधा तो नापास झाल्यावर लक्षात येते.

मी साहित्याची अध्यापक आहे. मध्य प्रदेशात पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो विज्ञानाचा का असेना, आधार पाठ्यक्रम म्हणून भाषेचा अभ्यास करावा लागतो. त्यामुळे विज्ञान शाखेची मुले वर्षानुवर्षे माझ्या वर्गात बसत आली आहेत, आणि त्यांचे तंत्रनिकेतनातले भाऊबंद शंका विचारायला घरी येत आले आहेत. हुशार मुलगा पदविकेपाशीच का थांबला, याचे ठरलेले उत्तर म्हणजे ‘पुढचे झेपले नाही’. काय झेपले नाही, हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या निरीक्षणाप्रमाणे अडचणी तीन आहेत : वाट माहीत नसणे, कागदपत्रे आणि भाषा. पहिल्या दोन अडचणींवर कुठे ना कुठे बोलले जाते. तिसरी अडचण मराठीच्या आणि हिंदीच्या शिक्षकांच्या अखत्यारीतली आहे, आणि तिच्याकडे आपणच पाठ फिरवली आहे. प्रस्तुत लेखात या तिन्हींचा क्रमाने विचार केला आहे.

‘कम्युनिटी कॉलेज’ म्हणजे आपल्याकडे काय?

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज ही संस्था शंभर वर्षांहून जुनी आहे. इलिनॉय राज्यातले जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ साली सुरू झाले. सरकारी खर्चाने चालणाऱ्या अशा संस्थांपैकी ते पहिले मानले जाते. गावाजवळ, कमी फीमध्ये, दोन वर्षे शिकायचे. मग नोकरी धरायची, नाहीतर विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचे, अशी त्यामागची कल्पना. कॅलिफोर्निया राज्याने १९६० च्या आराखड्यात ही रचना पक्की केली : विद्यापीठांची दारे गुणवत्तेच्या चाळणीने उघडायची, पण कम्युनिटी कॉलेजचे दार सर्वांसाठी उघडे. पुढे २०१० मध्ये तिथे कायदाच झाला, की ठरावीक अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला राज्य विद्यापीठात पुढे जागा मिळावी आणि झालेला अभ्यास पुन्हा करावा लागू नये.

भारतात पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये कम्युनिटी कॉलेज सुरू केले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ च्या सुमारास देशभर अशी योजना आणली आणि २०१४ पासून बी. व्होक. ही व्यवसायशिक्षणाची पदवीही आली. पण नावावर न जाता कामाकडे पाहिले, तर आपल्याकडची खरी कम्युनिटी कॉलेजे दोनच : औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय, आणि तंत्रनिकेतन. दहावीनंतर, घराजवळ, थोड्या फीमध्ये विज्ञान-तंत्र शिकायला शेतकऱ्याचे, खाणकामगाराचे मूल इथेच जाते. भरवेलीची मँगनीजची खाण आणि मलाजखंडची तांब्याची खाण याच जिल्ह्यात आहेत, त्यामुळे पदविकेला इथे नेहमी मागणी असते. पदविका झालेला उपयंत्री होऊ शकतो. सहायक यंत्री व्हायचे तर पदवी लागते. घराचा पुढचा सगळा हिशेब या एका पायरीवर बदलतो.

वाटा किती आणि वर्षे किती

पालकांचा पहिला प्रश्न असतो : ‘डिप्लोमा केला तर पोराची वर्षे वाया जाणार का?’ याचे उत्तर साध्या बेरजेत मिळते.

दहावी, मग दोन वर्षे अकरावी-बारावी, मग चार वर्षे अभियांत्रिकी : दहावीनंतर एकूण ६ वर्षे. दहावी, मग तीन वर्षे पदविका, मग थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन तीन वर्षे : तेही ६ वर्षेच. दहावी, दोन वर्षे आयटीआय, मग पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन दोन वर्षे, मग पदवीची तीन वर्षे : ७ वर्षे. म्हणजे सर्वांत लांब समजली जाणारी वाट फक्त एका वर्षाने लांब आहे, आणि तिच्यावर चालणाऱ्याच्या हातात चौथ्या वर्षाच्या अखेरीस दोन प्रमाणपत्रे असतात, ज्यांवर नोकरी मिळू शकते. ज्या घरात एका वर्षीचा धान बुडाला तर शिक्षण थांबते, त्या घरासाठी ही वाट अधिक शहाणपणाची आहे.

थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमाप्रमाणे पदविकेत किमान ४५ टक्के गुण लागतात. आरक्षित वर्गासाठी ४० टक्के. बी. एस्सी. झालेल्यालाही हे दार उघडे आहे. त्याने बारावीला गणित घेतलेले असावे लागते. मध्य प्रदेशातल्या तंत्रनिकेतनांच्या परीक्षा भोपाळचे राजीव गांधी प्रौद्योगिकी विद्यापीठ घेते. राज्यातली बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयेही त्यालाच जोडलेली आहेत.

बी. ए., बी. एस्सी. यांसारख्या पदव्यांसाठी २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने वेगळी सोय केली. एक वर्ष झाले तर प्रमाणपत्र, दोन झाली तर पदविका, तीन झाली तर पदवी. मध्येच थांबलेल्याचे श्रेयांक जमा राहावेत म्हणून २८ जुलै २०२१ रोजी श्रेयांक बँकेचे नियम निघाले. ते श्रेयांक सात वर्षांपर्यंत वापरता येतात. मध्य प्रदेशाने २०२१-२२ पासूनच हे धोरण महाविद्यालयांत आणले. लग्न, बाळंतपण किंवा मजुरी यांमुळे शिक्षण सुटलेल्या मुलींसाठी हा नियम मोलाचा आहे; पण खाते उघडले आहे हेच अनेकींना ठाऊक नसते.

एक इशारा मात्र द्यायला हवा. पत्राद्वारे अभियांत्रिकीची पदवी देणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहावे. सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात काही अभिमत विद्यापीठांच्या अशा दूरस्थ अभियांत्रिकी पदव्यांवर बोट ठेवले, आणि हजारो जणांची पदवी टांगणीला लागली. नोकरी करत शिकायचे असेल तर परिषदेची मान्यता असलेला, वर्गात बसून करायचा अभ्यासक्रमच पाहावा.

नदीपलीकडचे कागद

हट्ट्याच्या विद्यार्थ्याला गोंदिया जबलपूरपेक्षा कितीतरी जवळ. मुलीला भोपाळच्या वसतिगृहात न पाठवणारे वडील तिला गोंदियाच्या गाडीत रोज बसवायला तयार होतात. म्हणून नदीपलीकडची पदवी ही इथल्या मुलींसाठी बऱ्याचदा एकमेव पदवी असते.

ही नदी सीमा कशी झाली, हेही थोडक्यात सांगावे लागेल. बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून बनवला गेला. मध्यप्रांत-वऱ्हाड हा हिंदी आणि मराठी असा दुभाषी प्रांत होता आणि नागपूर त्याची राजधानी. १९२३ मध्ये स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ हे या सगळ्या प्रांताचे होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. बालाघाटची महाविद्यालये पुढे जबलपूरच्या विद्यापीठाखाली आली आणि २०१९ नंतर छिंदवाड्याच्या विद्यापीठाखाली. भंडाऱ्यातून १९९९ मध्ये गोंदिया वेगळा जिल्हा झाला. सोयरिकी होत्या तिथेच राहिल्या, कार्यालये तेवढी बदलली.

आज पलीकडे प्रवेश घेताना तीन कागद महत्त्वाचे ठरतात. पहिला रहिवासाचा : मध्य प्रदेशात ज्याला ‘मूल निवासी प्रमाणपत्र’ म्हणतात त्याच्याच जातीचा कागद महाराष्ट्रात ‘अधिवास प्रमाणपत्र’ म्हणून ओळखला जातो, पण एकाचा दुसऱ्या राज्यात उपयोग होत नाही. दुसरा, विद्यापीठ बदलताना लागणारे स्थलांतर प्रमाणपत्र. तिसरा जातीचा, आणि इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. एका राज्यात अनुसूचित जाती-जमातीत असलेला माणूस दुसऱ्या राज्यात गेला, तर तिथल्या राज्याच्या आरक्षणावर त्याला आपोआप हक्क मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये सांगितले. तो खटलाही महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशाचाच होता; विद्यार्थी आंध्र प्रदेशातून आलेला होता. त्यामुळे ज्या मुलाला जबलपूरला आरक्षित जागा मिळेल, त्याला गोंदियात किंवा नागपुरात खुल्या जागेवर, खुल्या फीने शिकावे लागू शकते. अर्ज भरण्याआधी हे माहीत असले तर निर्णय शांतपणे घेता येतो. प्रवेश झाल्यावर कळले तर शेत गहाण पडते.

मराठी मातृभाषा असलेल्या सीमेपलीकडच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राने प्रवेशात वेगळी तरतूद केली आहे, पण ती कर्नाटकाच्या वादग्रस्त सीमाभागापुरती आहे. बालाघाटबद्दल वादच नाही, म्हणून तरतूदही नाही. इथले मराठीपण शांततेत जगत आले, याचा हा एक परिणाम.

अणू इकडचा आणि अणू तिकडचा

आता तिसऱ्या अडचणीकडे. अमेरिकेत जे. आर. हिल्स या संशोधकाने १९६५ मध्ये एक निरीक्षण मांडले : कम्युनिटी कॉलेजमधून विद्यापीठात आलेल्या विद्यार्थ्यांचे गुण पहिल्याच सत्रात घसरतात आणि बऱ्याच जणांचे नंतर सावरतात. या घसरणीला तिथे ‘ट्रान्सफर शॉक’ म्हणतात. आपण संक्रमणाचा धक्का म्हणू. आपल्याकडे थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्याला हा धक्का बसण्याची उघड कारणे आहेत. पहिल्या वर्षाचे गणित त्याने केलेले नसते आणि समोर एकदम फूरिए श्रेणी, लाप्लास रूपांतर येऊन उभे राहते. तंत्रशिक्षण परिषदेने अशा विद्यार्थ्यांसाठी गणित, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी रेखाटन यांचे सेतू-अभ्यासक्रम घ्यावेत असे सुचवले आहे. पण विषयांच्या त्या यादीत भाषेचे नाव नाही.

सीमाभागातल्या विद्यार्थ्याचा भाषिक गोंधळ मात्र शाळेतच सुरू झालेला असतो. हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांनी विज्ञानाची परिभाषा मुख्यतः संस्कृतातून घेतली. त्यामुळे वेग, बल, ऊर्जा, संवेग, परावर्तन असे कितीतरी शब्द दोन्हीकडे सारखे आहेत. घात होतो तो दिसायला सारख्या, पण अर्थाने वेगळ्या शब्दांनी.

सर्वांत ठळक उदाहरण अणूचे. पदार्थाचा जो कण हिंदीत ‘परमाणु’, तो मराठीत ‘अणू’. दोन किंवा अधिक कण जुळून जे बनते ते हिंदीत ‘अणु’ आणि मराठीत ‘रेणू’. म्हणजे ‘पाण्याच्या एका अणूत तीन अणू असतात’ असे एखाद्या मुलाने लिहिले, तर तो अडाणी नसतो. त्याच्या वाक्यातला पहिला अणू हिंदी असतो आणि दुसरा मराठी. मुंबईच्या एकाच संस्थेचे नाव हिंदीत ‘भाभा परमाणु अनुसंधान केंद्र’ आणि मराठीत ‘भाभा अणुसंशोधन केंद्र’ असे होते ते याचमुळे. त्यातला ‘संशोधन’ हा शब्दही हिंदीत गेला की घटनादुरुस्तीच्या अर्थाने वापरला जातो. वैशेषिक दर्शनात परमाणू, द्व्यणुक आणि त्यापुढे त्रसरेणू अशी चढण सांगितली आहे. साहित्याच्या शिक्षकाला ती ठाऊक असते, आणि ती फळ्यावर एकदा लिहून दाखवली की दोन्ही भाषांचे शब्द त्या शिडीवर कुठे बसतात हे मुलांना कायमचे समजते.

दुसरे उदाहरण रसायनशास्त्रातले. मराठी पुस्तकात आम्ल, आम्लारी आणि क्षार हे तीन वर्ग असतात. हिंदी पुस्तकात तेच अम्ल, क्षारक आणि लवण. मराठीत ‘क्षार’ म्हणजे मिठासारखा पदार्थ. हिंदीत ‘क्षार’ आम्लाच्या विरुद्ध बाजूचा. ‘मीठ हा क्षार आहे’ हे वाक्य गोंदियाच्या मराठी पुस्तकात बरोबर आणि बालाघाटच्या हिंदी उत्तरपत्रिकेत चूक ठरते.

यादी आणखी वाढवता येते. हिंदीत ‘ताप’ म्हणजे तापमान. मराठीत ताप आला तर डॉक्टरकडे जावे लागते. हिंदीत विद्युत ‘आवेश’, मराठीत ‘प्रभार’. आणि मराठीत आवेश वक्त्याला येतो. हिंदीचे ‘द्रव्यमान’ ते मराठीचे ‘वस्तुमान’, ‘घनत्व’ ते ‘घनता’, ‘प्रतिरोध’ तो ‘रोध’, ‘आयतन’ ते ‘आकारमान’. जीवशास्त्रात हिंदीची ‘कोशिका’ मराठीत ‘पेशी’ होते, तर हिंदीतली ‘पेशी’ स्नायूंची आठवण करून देते. गणितात ‘प्रमाण’ हिंदीत पुरावा, मराठीत ‘गुणोत्तर व प्रमाण’ मधले प्रमाण. कार्यशाळेतही तेच. हिंदी बोलणारा कारागीर ‘रेती’ मागतो तेव्हा त्याला कानस हवी असते. मराठी मुलगा वाळू आणायला निघतो.

यात कोणती भाषा बरोबर हा प्रश्नच नाही. डॉ. रघुवीर यांनी याच दुभाषी प्रांताच्या राजधानीत, नागपुरात राहून भारतीय परिभाषेचे प्रचंड काम केले. पुढे १९६० मध्ये महाराष्ट्रात भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६१ मध्ये केंद्राचा वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग. दोघांनीही आपापल्या भाषेचे कोश निष्ठेने केले. एका कोशातून दुसऱ्या कोशात जाणारा विद्यार्थी मात्र दोघांच्याही डोळ्यांसमोर नव्हता. तो आमच्याकडे दरवर्षी येतो.

अडवतात ते लहान शब्द

पदवीच्या वर्गात भाषा बदलून इंग्रजी होते तेव्हा मोठे पारिभाषिक शब्द अडवतील असे आपण समजतो. अनुभव उलटा आहे. तंत्रनिकेतनात मुलगा हिंदीतून शिकला तरी ‘बेंडिंग मोमेंट’, ‘टॉर्क’, ‘ट्रान्सफॉर्मर’ हे शब्द त्याने इंग्रजीतच ऐकलेले असतात. तो अडतो ते या शब्दांच्या मधल्या शब्दांवर.

एका उदाहरणात तुळईचे ‘सेल्फ-वेट’ ‘निग्लेक्ट’ करायला सांगितले होते. म्हणजे तुळईचे स्वतःचे वजन हिशेबात धरू नका. विद्यार्थ्याला ‘निग्लेक्ट’ म्हणजे हयगय हे माहीत होते. परीक्षेत हयगय करा असे कोण सांगेल? त्याने वजन काळजीपूर्वक धरले. गणित चोख, उत्तर चूक. दुसऱ्या ठिकाणी दोन सळ्यांच्या लांबी ‘रिस्पेक्टिव्हली’ दोन आणि तीन मीटर होत्या. या शब्दाला मराठीत ‘अनुक्रमे’, हिंदीत ‘क्रमशः’. मराठी वाचणाऱ्या मुलीला ‘क्रमशः’ मासिकातल्या कादंबरीच्या प्रकरणाखाली भेटलेला असतो. तिला वाटले माहिती पुढे चालू आहे.

असे शब्द फार नाहीत. ‘डिराइव्ह’ म्हणजे पायरी-पायरीने काढून दाखवा. ‘स्टेट’ म्हणजे नुसते सांगा, सिद्ध करू नका. ‘जस्टिफाय’ म्हणजे कारण द्या. ‘डिस्टिंग्विश’ म्हणजे फरक सांगा, दोन वेगवेगळ्या व्याख्या नकोत. ‘अॅट लीस्ट’ म्हणजे किमान, ‘अॅट मोस्ट’ म्हणजे जास्तीत जास्त. ‘नॉट लेस दॅन’ म्हणजे पुन्हा किमानच. ‘इफ अँड ओन्ली इफ’ म्हणजे ‘तर आणि तरच’. ‘सिम्प्ली सपोर्टेड’ तुळई साधी नसते; तिची टोके नुसती टेकलेली असतात, जखडलेली नसतात. ‘आदर्श वायू’ सद्गुणी नसतो, हिशेबाच्या सोयीसाठी मानलेला असतो. हे शब्दार्थाचे काम आहे, आणि ते भौतिकशास्त्राच्या शिक्षकापेक्षा भाषेचा शिक्षक चांगले करू शकतो. कवितेतल्या एका शब्दाच्या तीन छटा सांगण्यात आपण आयुष्य घालवले आहे. प्रश्नपत्रिकेतल्या एका क्रियापदाची एक छटा सांगणे अवघड नाही.

वर्गात करण्याजोगे

गेली काही वर्षे मी जे करते ते इथे नोंदवते. त्यात नवे असे फार नाही.

पहिले, तीन रकान्यांची वही. मधल्या रकान्यात चित्र किंवा खूण, डावीकडे हिंदी आणि मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. शब्द वर्णानुक्रमाने लिहायचे नाहीत, कल्पनेप्रमाणे लिहायचे : अणू, परमाणु, रेणू एका पानावर; क्षार, क्षारक, लवण दुसऱ्या पानावर. सारखे दिसणारे पण वेगळ्या अर्थाचे शब्द लाल शाईने. घरच्या बोलीतला शब्द असेल तर तोही लिहायचा. पोवारी बोलणाऱ्या मुलाला आपला शब्द वहीत दिसला की तो पुढचे तीन शब्द जास्त हिमतीने विचारतो.

दुसरे, जुन्या प्रश्नपत्रिका भाषेच्या तासाला वाचायच्या. सोडवायच्या नाहीत, नुसत्या वाचायच्या. प्रत्येक प्रश्नात काय दिले आहे, काय विचारले आहे आणि काय सोडून द्यायला सांगितले आहे, हे स्वतःच्या भाषेत एका वाक्यात सांगायचे. आठ-दहा तासांत फरक दिसू लागतो.

तिसरे, चुकवलेले पहिले वर्ष वाचून काढायचे. तंत्रशिक्षण परिषदेने ‘ई-कुंभ’ या संकेतस्थळावर अभियांत्रिकीची पुस्तके हिंदी, मराठीसह अनेक भारतीय भाषांत मोफत ठेवली आहेत. पदविकेचा निकाल आणि पदवीचे वर्ग यांमधल्या आठवड्यांत पहिल्या वर्षाचे गणित आपल्या भाषेत वाचून झाले, तर इंग्रजी वर्गात बसलेला मुलगा निदान ओळखीच्या माणसांत बसल्यासारखा बसतो. हिंदीतून वाचायचे की मराठीतून, हे त्याने ठरवावे. मी एवढेच सांगते की एका विषयासाठी एकच भाषा धरा. अर्धे प्रकरण एकीत आणि अर्धे दुसरीत वाचले की अणू पुन्हा हरवतो.

२०२१ मध्ये परिषदेने अभियांत्रिकीची पदवी भारतीय भाषांतून शिकवायला परवानगी दिली. पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवडला मराठीतून संगणक अभियांत्रिकीचा वर्ग मंजूर झाला. मध्य प्रदेशाने १६ ऑक्टोबर २०२२ रोजी वैद्यकीय शिक्षणाची हिंदी पुस्तके प्रकाशित केली. ही पावले मोठी आहेत आणि त्यांचे स्वागतच आहे. पण ज्याची मातृभाषा एक, शाळेची भाषा दुसरी आणि जवळच्या महाविद्यालयाची भाषा तिसरी, त्याला कोणत्या माध्यमाच्या रांगेत उभे करायचे? त्याला चौथे माध्यम नको आहे. आहेत त्या भाषांमधून ये-जा करता आली की त्याचे काम भागते.

अकादमीकडून अपेक्षा

शेवटी या वार्षिकाच्या वाचकांपुढे, आणि ज्या संस्थेचे हे वार्षिक आहे तिच्यापुढे, तीन सूचना ठेवते.

एक, हिंदी-मराठी-इंग्रजी असा छोटा सेतुकोश. शब्द तीनशेच्या आत असावेत. त्यात निम्मे दोन भाषांत अर्थ बदलणारे आणि निम्मे प्रश्नपत्रिकेतले लहान शब्द. हे काम बालाघाट, छिंदवाडा, बैतूल, बुऱ्हाणपूर अशा सीमाजिल्ह्यांतल्या विज्ञान आणि भाषा शिक्षकांनी एकत्र बसून एका सुट्टीत करता येईल. दोन्हीकडच्या परिभाषा कोशांतली सामग्री इंटरनेटवर उपलब्ध आहे. ती शेजारी-शेजारी मांडायची एवढेच.

दोन, तंत्रनिकेतनाच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांसाठी पंधरा दिवसांचा भाषेचा सेतुवर्ग, आणि त्यात प्रवेशाचे नियम, कागदपत्रे, श्रेयांक यांची माहिती आपल्या भाषेत. माहितीपत्रक चार पानांचे पुरे. पण ते दहावीच्या निकालाच्या वेळी गावात पोहोचले पाहिजे.

तीन, साहित्य संमेलने आणि शिबिरे यांच्या जोडीने वर्षातून एक दिवस विज्ञान-तंत्राच्या विद्यार्थ्यांसाठी राखावा. त्यांना कथाकथन ऐकवायला बोलावू नये. त्यांचे शब्द ऐकायला बोलवावे. आयटीआयतला मुलगा ओळंबा, साहुल, गुण्या, गुनिया, कानस, रेती असे दोन भाषांतले जोडशब्द रोज वापरतो. बोलींचा अभ्यास करणाऱ्या किती जणांनी त्याच्या कार्यशाळेत जाऊन ते टिपून घेतले आहेत?

मध्य प्रदेशात मराठी टिकावी म्हणून आपण व्याख्याने देतो, पुरस्कार देतो, अंक काढतो. ते चालू राहावे. पण एखाद्या घरात भाषा टिकते ती तिचा उपयोग झाल्यावर. ज्या मुलीने मराठी पुस्तकातून चुकलेले गणित भरून काढले आणि गोंदियाची गाडी तीन वर्षे पकडून पदवी मिळवली, तिच्या घरात मराठी पुस्तक कपाटात ठेवले जाईल, रद्दीत जाणार नाही. तिच्या धाकट्या भावाला अणू आणि परमाणु यांतला फरक ती स्वतःच सांगेल, आणि त्यासाठी त्याला आमच्यापैकी कोणाच्या घरी यावे लागणार नाही.